पाच वर्षांची ऑर्डर मिळतेय, पण करारात लिहिलंय काय?

करमाडहून शेंद्रा एमआयडीसी अगदी जवळ. डीएमआयसीसाठी आपल्या भागातल्या जमिनी गेल्या, त्याचा मोबदला काही घरांत आला. आयटीआय करून चार-पाच वर्षं कंपनीत काढलेली मुलं आता घरी म्हणतात, "अब्बा, स्वतःच्या दोन सीएनसी मशीन टाकू. कंपनी लाँग टर्म ऑर्डर देतेय." या निर्णयात जमिनीचा पैसा, अम्मीचे दागिने आणि बँकेचं कर्ज, सगळंच पणाला लागतं. म्हणून दीर्घ मुदतीचा पुरवठा करार म्हणजे काय, हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवं.

आधी फायदा पाहू. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी एन्ड्युरन्स ही कंपनी दोन डाय-कास्टिंग मशीनवर उभी राहिली आणि बजाजला सुटे भाग देत वाढली. आज तिचे कारखाने इटली आणि जर्मनीतही आहेत. ग्राहक टिकणार याची खात्री असली की बँक कर्ज देते, नवी मशीन घेता येते, कामगार टिकतात आणि मालाचा दर्जाही सुधारतो. पण २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरताना याच कंपनीने एका ग्राहकावरचं मोठं अवलंबित्व हा धोका असल्याचं गुंतवणूकदारांना लेखी सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला जो धोका वाटतो, तो दोन मशीनवाल्याला किती असेल?

खरी मेख पुढे आहे. आपण जिला पाच वर्षांची ऑर्डर म्हणतो, ती पुष्कळदा फक्त दराची ऑर्डर असते. दर ठरलेला, पण किती नग घेणार हे दर महिन्याच्या शेड्यूलवर. एक उदाहरण घेऊ. जॉबवर्कचा दर नगाला ८ रुपये. महिन्याला २०,००० नग गेले तर १ लाख ६० हजार मिळतात. मशीनचा हप्ता ६० हजार, पगार-वीज-भाडं ८० हजार. उरले २० हजार. गाड्यांची विक्री मंदावली, शेड्यूल १०,००० नगांवर आलं, की हातात ८० हजारच येतात. खर्च काटकसर करून ६० हजारांवर आणला तरी हप्ता तेवढाच. म्हणजे दर महिन्याला ४० हजारांची तूट. कंपनीने करार मोडलेला नाही, कारण नगांची हमी करारात नव्हतीच.

दुसरा धोका पैसे अडकण्याचा. पैठण रोडवर चितेगावला असलेला व्हिडिओकॉनचा कारखाना आपल्याला ठाऊक आहे. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला मान्य दाव्याच्या फक्त ०.७२ टक्के रक्कम येत होती. म्हणजे लाखामागे ७२० रुपये! जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती योजना रद्द केली. पण ग्राहक बुडाला की लहान पुरवठादार रांगेत किती मागे उभा असतो, हे त्यातून दिसलं.

कायद्याचा आधार आहे, तो घ्यायला हवा. वर्कशॉपची उद्यम नोंदणी आधी करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागतं. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. मात्र ग्राहक नाराज होईल म्हणून अनेक जण तक्रारच करत नाहीत. म्हणून खबरदारी सहीच्या आधीच हवी.

सही करण्यापूर्वी एवढं विचारा:

१. महिन्याला किमान किती नग घेणार, हे लिहिलंय का?
२. पोलाद, ॲल्युमिनियम किंवा वीज महागली तर दर वाढणार का? दरवर्षी दर कमी करण्याची अट आहे का?
३. करार थांबवायला किती महिन्यांची नोटीस? तयार आणि अर्धवट मालाचे पैसे कोण देणार?
४. डाय आणि फिक्श्चरचा खर्च कुणाचा, मालकी कुणाची?
५. दुसऱ्या कंपनीचं काम घ्यायला मनाई आहे का?
६. कर्जाची मुदत कराराच्या मुदतीपेक्षा जास्त तर नाही ना?

नवख्या वर्कशॉपला सगळ्या अटी मान्य करून घेता येणार नाहीत, हेही खरं. किमान नगांची हमी मिळाली नाही, तर सुरुवात एका मशीनवर करा आणि दुसरा ग्राहक मिळाल्यावरच दुसरी मशीन घ्या. "साहेब ओळखीचे आहेत" यावर विसंबू नका. साहेबांची बदली होते. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे आपण मुलांना शिकवतो. तोच धडा इथेही लागू आहे. कराराची प्रत आधी सीएला आणि वकिलाला दाखवा, त्यांच्याकडून मराठीत समजून घ्या, घरात सगळ्यांसमोर वाचा आणि मगच बँकेत जा.