शिळ्या उसाचा चिकटा आणि दातांवरचा थर



तोडलेला ऊस दोन-चार दिवस तळावर पडून राहिला की रस बुळबुळीत होतो, हे आपण जाणताच. ल्युकोनॉस्टॉक नावाचे जंतू रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा डिंक बनवतात. मग रस लवकर गाळला जात नाही, दाणा नीट धरत नाही आणि उतारा घटतो. म्हणून तर आम्ही ताज्या उसाचा धोशा लावतो. पण तसलाच डिंक आपल्या पोराबाळांच्या दातांवरही तयार होतो, तो कुणी मनावर घेत नाही.

मागे प्लॉट पाहायला गेलो असता एका सभासदांच्या पाच वर्षांच्या नातवाचे पुढचे दात काळे पडलेले दिसले. आजोबा म्हणाले, "साहेब, खाल्ल्यावर चूळ भरायला लावतो की!" चूळ का पुरत नाही, ते सांगतो.

१९२४ साली इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे जंतू वेगळे काढले. साखर मिळाली की हे दोन उद्योग करतात. डिंक करून दाताला चिकटतात आणि आम्ल सोडून दात पोखरतात. प्रयोगशाळेत दाताच्याच खनिजाच्या छोट्या चकत्या घेतात, त्यांवर लाळ लावतात आणि साखर घातलेल्या द्रावणात हे जंतू वाढवतात. एक-दोन दिवसांत चिकट थर बसतो. काही चकत्या नुसत्या पाण्याने धुतात; काहींवर यंत्राला बसवलेला ब्रश ठरावीक दाबाने, मोजून फिरवतात. उरलेला थर खरवडून पाण्यात मिसळतात आणि ते पाणी दहा-दहा पटीने पातळ करीत नेऊन पोषक आगरच्या बशीत ओततात. उबेत ठेवल्यावर जिवंत जंतूंचे ठिपके उमटतात. हजारपट पातळ केलेल्या एका मिलिलिटरमधून ४० ठिपके आले, तर मूळच्या मिलिलिटरमध्ये ४०,००० जंतू धरायचे. हिशेब अगदी सोपा आहे.

पाण्याने वरवरचे सैल जंतू तेवढे जातात, डिंकात रुतलेले हलत नाहीत. त्यांना घासूनच काढावे लागते. आणि ब्रशचे केस जिथे पोचत नाहीत, त्या दोन दातांमधल्या फटीत थर तसाच राहतो. माणसांवरच्या अनेक प्रयोगांचा २०१२ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा एका वेळच्या घासण्याने थर सरासरी ४२ टक्केच कमी झालेला दिसला. म्हणजे आपण घाईत चार हात मारतो, त्यात काय निघत असेल?

डेन्मार्कमध्ये १९६५ साली १२ निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला सांगितले होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. किडलेला दात मात्र असा भरून येत नाही.

त्या आजोबांना आम्ही मऊ केसांचा लहान ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट सांगितली आहे. सकाळी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा, दोन-दोन मिनिटे, आणि पोराच्या हातात न देता मोठ्यांनी स्वतः घासायचे. मिश्री तर घरातूनच काढा म्हटले. त्यावर आजोबा नुसते हसले.