जपानी ‘हाय’, चिनी ‘खछी’ आणि आपला सौदा

परदेशी व्यापाऱ्याशी बोलताना भाषेची अडचण येते ती दुभाषा घेतला की सुटते, असा आपल्याकडे समज आहे. चिनी आणि जपानी माणसाच्या बाबतीत ती अर्धीच सुटते. दुभाषा शब्दाला शब्द देतो. त्या शब्दात होकार किती आणि नुसती अदब किती, हे तो बहुधा सांगत नाही. आणि आपला कारागीर अदबीलाच होकार समजून सूत उचलतो, मजुरांना आगाऊ रक्कम देतो आणि मग ऑर्डरची वाट पाहत बसतो.

असा घोटाळा लहान माणसाचाच होतो असे नाही. १९६९ साली जपानचे पंतप्रधान साटो आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांची वॉशिंग्टनला भेट झाली. अमेरिकेची तक्रार कापडाची होती. जपानने कृत्रिम धाग्याच्या आणि लोकरीच्या कापडाची निर्यात आवरावी, असा तिचा आग्रह होता. त्या वाटाघाटींत साटो ‘झेन्शो शिमासु’ म्हणाले, असे सांगतात. शब्दशः अर्थ ‘योग्य तो विचार करून पाहतो’. जपानी राजकारणात हे वाक्य पुष्कळदा विषय संपवण्यासाठी वापरतात. निक्सन यांनी ते वचन समजले आणि पुढे काहीच घडेना तेव्हा आपल्याला फसवले असे त्यांना वाटले. साटो यांच्या तोंडचे नेमके शब्द कोणते, यावर अभ्यासकांत वाद आहे. परंतु कापडाचा तंटा दोन वर्षे चिघळला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये जपानला निर्यातीवर मर्यादा मान्य करावी लागली, याबद्दल वाद नाही.

जपानशी आपला व्यवहार तसा जुना आहे. मुंबई ते कोबे हा आगबोटीचा मार्ग १८९३ साली सुरू झाला तो मुख्यतः आपल्याकडच्या कापसासाठी. कोबेची मशीद १९३५ मध्ये उभी राहिली, तिच्या बांधकामात तेथे पेढ्या टाकून बसलेल्या हिंदी व्यापाऱ्यांचाही पैसा होता. इतकी वर्षे होऊनही ‘हाय’ या एका जपानी शब्दाने नवा माणूस फसतोच. कोशात त्याचा अर्थ ‘होय’ असा दिलेला आहे. पण आपण बोलत असताना समोरचा जपानी गृहस्थ दर वाक्याला ‘हाय, हाय’ म्हणतो, तेव्हा तो फक्त ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगत असतो. या हुंकाराला जपानीत ‘आइझुची’ म्हणतात. शब्द लोहारशाळेतला आहे. तलवार घडवताना उस्ताद एक घाव घालतो आणि समोरचा शागीर्द त्याला जोडून दुसरा; त्या आळीपाळीच्या घणाला हे नाव होते. बोलणाऱ्याच्या घावाला ऐकणाऱ्याने घाव द्यायचा. दिला नाही तर तो उद्धट किंवा लक्ष नसलेला ठरतो. या ठोक्यांना ऑर्डर समजणे म्हणजे घणाच्या आवाजालाच तलवार समजणे होय.

नकाराचे उलट आहे. जपानी व्यापारी तोंडावर ‘नाही’ क्वचितच म्हणेल. ‘चोत्तो मुझुकाशी’ म्हणजे ‘थोडे अवघड आहे’, असे म्हणून तो दात-ओठांतून हवा आत ओढील आणि गप्प बसेल. आपला माणूस म्हणतो, थोडेच अवघड ना, मग भाव थोडा उतरवू! वास्तविक सौदा तेथेच संपलेला असतो. ‘केन्तो शिमासु’ म्हणजे ‘विचार करतो’. याचे प्रकरण जरा निराळे आहे. जपानी पेढीत खालपासून वरपर्यंत सर्वांची संमती घेतल्याशिवाय निर्णय होत नाही, त्यामुळे कधीकधी खरोखरच विचार चालू असतो. ओळखायचे कसे? विचार चालू असेल तर मागाहून बारीक प्रश्न येऊ लागतात : रंग धुतल्यावर टिकतो का, शिवण किती टाक्यांची आहे, खोके केवढे. प्रश्न येणे बंद झाले की समजावे.

जपानी अदबीचा खरा साठा मात्र क्रियापदांत आहे. तिला ‘केइगो’ म्हणतात. ज्यांच्या घरात उर्दू बोलली जाते त्यांना ती परकी वाटू नये. आपण म्हणतो, ‘आपने फरमाया, मैंने अर्ज किया.’ बोलणे एकच, पण समोरच्याचे बोलणे वर चढवले आणि आपले खाली उतरवले. जपानीत नेमके हेच आहे. समोरचा बोलला तर ‘ओश्शारु’, मी बोललो तर ‘मोशिआगेरु’. त्यांनी यावे ते ‘इराश्शारु’, म्हणजे तशरीफ आणणे. मी यावे ते ‘माइरु’, म्हणजे हाजिर होणे. जेवणाचेही असेच : साधे ‘ताबेरु’, त्यांचे ‘मेशिआगारु’, माझे ‘इतादाकु’. आजकाल जपानी तरुणांनाही हे सगळे नीट साधत नाही. २००७ साली तेथील सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने केइगोचे पाच प्रकार पाडून मार्गदर्शिकाच काढली. तेव्हा परक्या माणसाने चूक केली तर कोणी रागावत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण वडिलांविषयी कोणाशीही बोलताना ‘वालिद साहेब फरमातात’ असेच म्हणू; गिऱ्हाईक समोर असले म्हणून त्यांचा मान कमी करणार नाही. जपानी माणूस करतो. त्याच्या हिशेबी जग ‘उची’ आणि ‘सोतो’, म्हणजे घरचे आणि बाहेरचे, असे विभागलेले आहे. बाहेरच्याशी बोलताना घरचे सगळे खाली, मग तो खुद्द पेढीचा मालक का असेना. म्हणून कारकून आपल्या अध्यक्षांचे नुसते आडनाव घेऊन ‘तो बाहेर गेला आहे’ अशा धर्तीवर बोलतो, कारण आपण बाहेरचे, म्हणजे मानाचे. यावरून अध्यक्षाला तेथे कोणी विचारत नाही असा अर्थ काढू नये आणि आपणही त्याचे नुसते आडनाव घेऊ नये. आपण आडनावाला ‘सान’ लावलेच पाहिजे. स्वतःच्या नावाला मात्र कधी लावू नये.

चिनी भाषेत क्रियापद असे रूप बदलत नाही. ‘तू’साठी ‘नी’ आणि ‘आपण’साठी ‘निन’ हा भेद आहे खरा, पण तो मुख्यतः उत्तरेकडे पाळतात. यीवूच्या घाऊक बाजारात दुकानदाराने ‘नी’ म्हटले तर त्यात अपमान नाही. चिनी अदब नावांत, पदव्यांत आणि आग्रहात आहे. तिचे मूळ ‘ली’ या जुन्या संकल्पनेत आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील रीतिग्रंथांत स्वतःला खाली आणि दुसऱ्याला वर ठेवणे हाच ‘ली’चा गाभा सांगितला आहे. आपण ‘इस्म शरीफ?’ असे विचारतो, तसे चिनी माणूस ‘निन ग्वेइ शिंग?’ म्हणजे ‘आपले मौल्यवान आडनाव?’ असे विचारतो. उत्तर देणारा म्हणतो, ‘मौल्यवान वगैरे सोडा, आडनाव मा.’ (‘मा’ हे आडनाव चिनी मुसलमानांत फार आढळते.) समोरच्याचे घर ते ‘फूशांग’, आपले ते ‘हानशे’, म्हणजे थंडगार झोपडी. आपल्या दौलतखाना आणि गरीबखान्याची ही जोडी तेथे शेकडो वर्षे होती. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या रीतींवर सरंजामशाहीचा शिक्का बसला. नंतर १९८१ साली सरकारनेच सभ्यतेची मोहीम काढली आणि लोकांना ‘नमस्कार’, ‘कृपया’, ‘आभारी आहे’, ‘क्षमा करा’, ‘पुन्हा भेटू’ हे शब्द शिकवले. त्यामुळे जुनी नाजूक शब्दकळा आता पत्रांत आणि वयस्कर माणसांच्या तोंडी उरली आहे. पदव्या मात्र टिकल्या. कारखानदाराला आडनावापुढे ‘झोंग’ लावतात; हाताने काम करणाऱ्या जाणत्या माणसाला ‘शिफू’ म्हणतात. शिफू म्हणजे आपला उस्तादच. कारखान्यात गेल्यावर यंत्रावरच्या म्हाताऱ्या माणसाला शिफू म्हणून पाहावे, जे मालक सांगत नाही ते तो सांगतो.

‘खछी’ हा शब्द तर आपल्या ‘तकल्लुफ’चा सख्खा भाऊ आहे. शब्दाचा अर्थ पाहुण्याचा ढंग. आभार मानले की ते ‘बू खछी’ म्हणतात : तकल्लुफ नको. ओळख वाढल्यावरही आपण घडोघडी आभार मानू लागलो तर त्यांना तो दुरावा वाटतो. भेटवस्तू दोन-तीनदा नाकारून मगच घेतात, त्यामुळे पहिल्या नकाराला हात मागे घेऊ नये. आणि ‘आमचा माल साधाच आहे’ असे ते म्हणाले तर तेवढ्यावरून भाव पाडायला बसू नये. ती विनम्रता आहे, कबुली नव्हे. जपानी माणूसही उत्तम चहा पुढे करून त्याला ‘सोचा’, म्हणजे जाडाभरडा चहा म्हणतो. अशा माणसासमोर आपण ‘एक नंबर माल, बाजारात तोड नाही’ असे सुरू केले की तो मनातल्या मनात दोन पावले मागे सरकतो.

खरी परीक्षा माल खराब निघाल्यावर होते. चिनी व्यवहारात ‘म्येन-त्झ’, म्हणजे चेहरा किंवा अब्रू, हा मोठा हिशेब आहे. चार माणसांसमोर, त्याच्या नोकरांदेखत दोष दाखवला तर तो दोष नाकारील, कारण आता प्रश्न मालाचा राहिला नाही, इज्जतीचा झाला. तोच दोष खोलीत एकट्याने, नमुना शेजारी ठेवून दाखवला आणि ‘रवानगीत काही गफलत झाली असावी’ अशी वाट ठेवली तर नुकसानभरपाईचे बोलणे तरी सुरू होते. ‘मेइ वेन्ती’ (काही अडचण नाही) आणि ‘छाबुदुओ’ (जवळजवळ तसेच) हे दोन शब्द ऐकले की मात्र सावध व्हावे. पहिला तपशील ऐकण्यापूर्वीही येतो. दुसऱ्यात रंगाची छटा, कापडाचे वजन, खिळ्याची लांबी सगळे मावते. अदबीने हसावे आणि माप लेखी घ्यावे.

मेजवानीचा प्रश्न आपल्या लोकांना विशेष छळतो. चिनी यजमान पेला उंचावतो आणि नाही म्हणावे तर त्याचा चेहरा जातो. यावर त्यांच्याच भाषेत जुना तोडगा आहे : ‘ई छा दाइ ज्यू’, म्हणजे दारूच्या जागी चहा. तिसऱ्या शतकातील वू राज्याचा राजा सुन हाओ दरबाऱ्यांना बळेच पाजत असे. वेइ झाओ या विद्वानाला दारू सोसत नसे, म्हणून राजा त्याला गुपचूप चहा देई. (पुढे मर्जी फिरली आणि त्याच राजाने त्याला ठार केले, ही गोष्ट निराळी.) चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलून हे चार शब्द म्हटले की मान राखला जातो आणि बाटलीही दूर राहते. यीवूत निंग्शियाकडून आलेले हुई मुसलमान अरबी दुभाष्याचे काम करतात. असा दुभाषा बरोबर असला तर ही अडचण आधीच मिटते.

भेट नेताना घड्याळ नेऊ नये. चिनीत ‘घड्याळ देणे’ आणि ‘अंत्यविधीला हजर राहणे’ यांचा उच्चार एकच आहे. टोप्या विणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की आपल्याकडे मानाचा असलेला हिरवा रंग टोपीवर तेथे चालत नाही. ‘हिरवी टोपी घातली’ म्हणजे बायको बदफैली निघाली, असा त्यांचा वाक्प्रचार आहे. इतर मालाला हिरवा रंग खुशाल द्यावा.

राहिला प्रश्न विचारण्याचा. ‘ऑर्डर देणार ना?’ असे विचारले की दोन्ही देशांत उत्तर गोडच येते, कारण कडू उत्तराला त्या प्रश्नात जागाच नसते. त्याऐवजी ‘पहिला नमुना कोणत्या तारखेपर्यंत हवा?’, ‘विसार किती आणि कधी?’ असे विचारावे. ज्याला घ्यायचे आहे तो तारीख सांगतो. ज्याला घ्यायचे नाही तो हवापाण्याबद्दल बोलू लागतो, आणि मग आपणही त्याच्याशी हवापाण्याबद्दलच बोलावे.