जो सूर हलवायचा, तेवढाच हलावा

विकत घ्यायच्या पेडल स्टील गिटारपुढे बसलेला जाणता वादक आधी गाणं वाजवत नाही. तो ट्यूनर लावतो, चौथी तार छेडतो आणि डाव्या पायाने पहिली दोन पेडलं दाबतो. या दोन पेडलांचा चौथ्या तारेशी काडीचाही संबंध नाही. तरी ट्यूनरचा काटा जरासा खाली येतोच. किती येतो, यावर पुढची बोलणी होतात.

गिटार म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे फारसं काही नाही. चार पायांवर उभा केलेला अरुंद, लांबट सांगाडा. त्यावर दहा तारा. खाली लोखंडी सळ्यांना लटकलेली पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायच्या चार-पाच लिव्हर. वादकाच्या उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी दांडी. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. मोकळं राहतं ते डोकं, आणि त्यालाही उसंत नसते.

या वाद्याचं मूळ हवाई बेटांत. तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि तिचं श्रेय बहुधा जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. ती हवायन गिटार आपल्याकडेही आली. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या निघाल्या. शिप्ले यांच्या जोडीला पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स असत. एकेरी धून वाजवायला, मींड घ्यायला ही गिटार उत्तम. पण पाश्चात्त्य संगीताला एकावेळी तीन-चार सूर लागतात, आणि दांडी सरकली की ते सगळे एकदमच सरकतात. एकाला थांबवून दुसऱ्याला पुढे नेता येत नाही.

पेडलं त्यासाठी आली, पण सुरुवातीला वादक ती फक्त तारांची जुळणी बदलायला वापरत. १९५३ च्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये गायक वेब पिअर्सचं ‘स्लोली’ ध्वनिमुद्रित होत होतं. स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. सुरांच्या झुबक्यातले काही सूर उठून वर गेले आणि बाकीचे जागेवर राहिले. १९५४ मध्ये गाणं गाजलं आणि कंट्री संगीतातल्या प्रत्येक स्टीलवादकाला तसंच पेडल हवंसं झालं. आयझॅक्स यांची ती गिटार कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबी यांनी बनवलेली होती.

आज रूढ असलेल्या जुळणीत ‘ई’ला षड्ज मानलं तर हिशेब आपल्या ओळखीचा निघतो. पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गांधाराला शुद्ध मध्यमावर. षड्ज हलत नाही. सा-ग-प होतं, दोन्ही पेडलं दाबली की सा-म-ध झालं. या एवढ्याशा हालचालीवर कंट्री संगीतातली असंख्य गाणी उभी आहेत.

आता सुरुवातीचा तो काटा. तार अर्ध्या स्वराने चढवायची तर तिचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, पूर्ण स्वराने चढवायची तर २६ टक्क्यांनी. पहिली दोन पेडलं मिळून चार तारा ओढतात. तेवढ्या ओढीने मेपलचा जाड सांगाडाही केसभर वाकतो. तो वाकला की न ओढलेल्या तारा सैल पडतात, आणि ज्याच्या भरवशावर सगळं चाललंय तो षड्जच उतरतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग उतरल्याची कोणी फारशी तक्रार करत नाही. सात-आठ उतरले तर ती गिटार दिसायला कितीही देखणी असो, वादक उठून चहा प्यायला जातो.

दुसरी पारख परतीची. उजव्या टोकाला चेंजर नावाचा भाग असतो. प्रत्येक तार त्यातल्या एका गोल माथ्याच्या धातूच्या बोटावरून जाते. हे बोटच घोडी आणि तेच फिरून तार ताणतं किंवा सैल सोडतं. लिव्हरने षड्ज अर्धा स्वर खाली नेला आणि सोडला. मग दुसऱ्या लिव्हरने अर्धा स्वर वर नेला आणि सोडला. दोन्ही वेळा तो त्याच जागी यायला हवा. बोट अडखळत असेल, स्प्रिंग ढिली असेल, तर येत नाही. बोटाचा माथा खरबरीत असेल तर गांधाराची तिसरी तार आधी जाते. ती इंचाच्या अकरा-हजारांश जाडीची असते, आणि ऐन गाण्यात तुटण्याबद्दल तिची ख्याती आहे.

इथवर सगळं यंत्रकामाचं. पण वादकांची मनं याच हिशेबाने चालतात असं मात्र नाही.

शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शो-बड ही कंपनी काढली. तिच्या अनेक गिटारींच्या पट्टीवर पत्त्यांतले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट जडवलेले दिसतात. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावर जिथे तिचं दुकान होतं, तिथे आता ‘रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड’ हा गाण्याबजावण्याचा बार आहे. १९६० च्या दशकात एमन्स यांनी वेगळं होऊन स्वतःच्या नावाची गिटार आणली. तिची रचना ‘पुश-पुल’ म्हणून ओळखली जाते: सूर चढवताना सळी ओढायची, उतरवताना ढकलायची. ही गिटार लावणं म्हणजे डोकेदुखी. एक बदल नीट करावा तर दुसरा बिघडतो. पुढे आलेल्या ‘ऑल-पुल’ रचनेत प्रत्येक बदलाला टोकाशी स्वतंत्र नायलॉनचा नट असतो. छोट्या पान्याने फिरवला की काम झालं. आजचे बहुतेक कारागीर हीच रचना वापरतात.

तरीही जुन्या पुश-पुलसाठी वादक जीव टाकतात. कारण नाद. त्या रचनेत मोकळ्या तारेचं बोट थेट सांगाड्याला टेकून राहतं, त्यामुळे तारेची थरथर लाकडात पुरी उतरते, असं ते सांगतात. पिकअप, लाकूड, वादकाचा हात यांचा वाटा किती, यावर कितीही वाद घालता येईल. पण गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता वाजवून बघण्याची त्यांची सवय अर्थपूर्ण वाटते. कोरड्या लाकडातून तार किती वेळ बोलते, हे तेव्हाच उघडं पडतं.

नट प्रत्येक बदलाला वेगळा असण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आपल्या कानांना लगेच पटेल. पियानोचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे चौदा शतांशाने चढा असतो. स्टीलवर सूर लांबवर रेंगाळतात, त्यामुळे तो चढेपणा खुपतो. म्हणून पुष्कळ वादक गांधार मुद्दाम उतरवून लावतात, तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराच्या जवळ. मग पेडलने येणारा मध्यम आणि धैवतही त्याच हिशेबाने वेगळे जुळवावे लागतात: मोकळी तार खुंटीने, चढलेला सूर नटाने.

उरतो पायांचा प्रश्न. पेडल किती खोल जातं, ते दाबताना घोट्याला किती जोर पडतो, लिव्हर गुडघ्याला जिथे हवी तिथे भेटते का, हे दुसऱ्याला विचारून कळत नाही. उंच माणसाने बुटक्यासाठी बेतलेली गिटार घेतली तर तिचे पाय आणि सळ्या दोन्ही बदलाव्या लागतात. आणि पेडलांचा क्रमही एकच नाही. एमन्स यांच्या मांडणीत पंचम चढवणारं पेडल डावीकडे, तर जिमी डे या वादकाच्या मांडणीत क्रम नेमका उलटा. म्हणून जुनी गिटार घेणारा किंमत विचारण्याआधी तिच्या पोटाखाली वाकून सळ्या कुठून कुठे गेल्यात ते पाहतो, आणि सवय एमन्स यांच्या मांडणीची असताना ती डे यांची निघाली तर उलटून द्यायला किती दिवस लागतील, ते विचारतो.