शब्बाथ : विसावा आणि स्मरण

ज्यू समाजाच्या धर्मजीवनाची घडण आठवड्याच्या आवर्तनावर झाली आहे. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर संपतो. या काळात कामधंदा वर्ज्य असतो. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये तोराच्या हस्तलिखित गुंडाळीतून त्या सप्ताहाचा नेमलेला भाग वाचतात. अशा ५४ भागांचे वाचन वर्षभरात पूर्ण होते.

या विसाव्याची तोरामध्ये दोन कारणे आढळतात. 'निर्गम' ग्रंथात त्याचा संबंध सृष्टिनिर्मितीशी जोडला आहे. 'अनुवाद' ग्रंथात मात्र मिसरमधील स्वतःच्या दास्याचे स्मरण ठेवण्यास सांगितले असून, दास-दासींनाही धन्याप्रमाणेच विसावा मिळावा, अशी आज्ञा आहे.

कोकणातील बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत १७९६ साली उभारले गेले. शब्बाथ त्यांनी त्यापूर्वीच पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात; काही ठिकाणी आता तेवढेही जमणे कठीण झाले आहे. वास्तूवाचून आचरण टिकले. माणसांवाचून ते कसे टिकावे, हा प्रश्न या समाजापुढे आहे.