शेवाळाचें तेल आणि आपली क्षारपड जमीन

वाळवें, पलूस व मिरज या तालुक्यांत कृष्णाकांठची जी जमीन अतिपाण्यानें क्षारपड झाली, तींत ऊंस येत नाहीं. सारा मात्र चुकत नाहीं. तेथें तळीं बांधून इंधनाचें शेवाळ वाढवावें, अशी कल्पना सहज सुचते. खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या कांहीं जाती आहेतही. परंतु हिशेब मांडल्यावांचून कुदळ हातीं घेऊं नये.

उघड्या तळ्यांत १ लिटर पाण्यामागें सुकें शेवाळ सुमारें अर्धा ग्रॅम मिळतें. एक्झॉन कंपनी व तिच्या सहकारी शास्त्रज्ञांनीं एका जातीच्या बीजगुणांत फेरफार करून तिच्यांतील तेल शेंकडा २० वरून ४० वर नेल्याचें २०१७ सालीं जाहीर केलें. हे ४० धरले तरी १ लिटर तेलास २.३ किलो शेवाळ लागणार, म्हणजे सुमारें ४,६०० लिटर पाणी गाळणें आलें. तें पाणी पुन्हां तळ्यांत सोडतां येईल. पण उपसणें, गाळणें, वाळवणें यांचा खर्च कोण सोसणार? शिवाय दिवसास ५ मिलिमीटर पाणी उडालें तर एकरीं २० हजार लिटर गोडें पाणी रोज भरावें लागेल, नाहींतर खार वाढत जाईल. जत-आटपाडीच्या माणसास हा आंकडा सांगावयास संकोच वाटतो. २०२३ सालीं एक्झॉननेंच हा उद्योग सोडून दिला.

आपल्याकडे एक सोय मात्र खरी आहे. कारखान्यांच्या आसवन्यांत १ लिटर मद्यार्कामागें सुमारें पाऊण किलो कार्बन डायॉक्साइड वायु सुटतो. १ किलो शेवाळास तो १.८ किलो लागतो. वायु जवळ मिळेल, पण वरील खर्च त्यानें फिटत नाहीं. फेरफार केलेली जात उघड्यावर सोडण्यास १९८९ च्या नियमांप्रमाणें केंद्राची परवानगी हवी, ती गोष्ट निराळीच.

उंसाचें पाहा. टनभर उंसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल होतें. २०२२-२३ च्या हंगामांत त्याचा दर लिटरला ६५.६१ रुपये होता. गिऱ्हाईक तेलकंपन्यांचें, म्हणजे पक्कें. तरी ७ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें रसाच्या इथेनॉलवर एकाएकीं बंधन घातलें आणि तें ऑगस्ट २०२४ मध्यें उठलें. पक्क्या मालाची ही गत, तर शेवाळाच्या तेलावर कर्ज काढणारानें काय धरून चालावें?

क्षारपड जमिनीचा उपाय जमिनींतच आहे. भूमिगत सच्छिद्र नळ्यांनीं निचरा कसा करावा, हें कसबे डिग्रजच्या कृषि संशोधन केंद्रांत जाऊन विचारावें. चार शेजाऱ्यांनीं मिळून केल्यास खर्च वांटला जातो व पाणी काढण्यास वाटही मिळते. ज्यांस शेवाळच करावयाचें असेल, त्यांनीं तेलाऐवजीं खाण्याची स्पिरुलिना लहान हौदांत करून पाहावी. मात्र गिऱ्हाईक आधीं ठरवून.