मोटारीचे हृदय : इंधनपंपाचे कार्य आणि विकार

आपल्या व्यवसायात मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. स्टेथोस्कोपइतकेच ते एक उपकरण आहे. रात्री दोन वाजता प्रसूतिगृहातून ‘बाळ रडले नाही’ असा निरोप येतो, तेव्हा गाडी पहिल्या किल्लीला सुरू होण्यावर बरेच काही अवलंबून असते. तरीही बॅटरी व टायर यांची विचारपूस करणारे आपण इंधनपंपाची दखल मात्र तो बंद पडल्यावरच घेतो.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८०० आपल्यापैकी अनेकांची पहिली गाडी. इंधनपंपाच्या दोन्ही पिढ्या या एकाच गाडीत पाहावयास मिळतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पंप इंजिनालाच जोडलेला असे. कॅमशाफ्टच्या फेऱ्याबरोबर एक दांडी हलते व पंपातील लवचिक पडदा ओढला जातो. आगमनाची झडप उघडून टाकीतील पेट्रोल आत येते. दांडी सुटताच स्प्रिंग पडद्याला ढकलते. ती झडप मिटते, निर्गमनाची उघडते आणि पेट्रोल पुढे जाते. प्रसरण, आकुंचन आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. हृदयाहून हे निराळे ते काय? दाबही आपल्या परिचयाचाच. दर चौरस सेंटीमीटरला ०.२ ते ०.३ किलो, म्हणजे पाऱ्याचे सुमारे दीडशे ते सव्वादोनशे मिलिमीटर.

या पडद्याला चीर पडली तर पेट्रोल बाहेर ठिबकते किंवा इंजिन ऑइलमध्ये झिरपते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला व तेल पातळ लागले, तर गाडी न चालवता पंप आणि तेल दोन्ही बदलावे. उन्हाळ्यात तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खंडित होतो, तेव्हा मात्र पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबावे. तो विकार पंपाचा नव्हे, उष्णतेचा.

२००० च्या सुमारास एमपीएफआय प्रणाली आली आणि पंप टाकीत गेला. हा पंप विजेवर चालतो व पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोल त्याच्या मोटरमधूनच वाहते आणि तिला थंड ठेवते. म्हणून टाकी सदैव तळाशी आणून गाडी चालविणे हे पंपाचे आयुष्य कमी करणे होय. येथे दाब अडीच ते तीन किलो, म्हणजे पाऱ्याचे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. किल्ली ‘ऑन’ केली की मागून दोन-तीन सेकंद मंद गुणगुण ऐकू येते. हा आवाज ओळखीचा करून ठेवावा. निदान तेथूनच सुरू होते.

आवाजच नसेल तर प्रथम फ्यूज, रिले व जोडण्या तपासाव्यात. आवाज आहे, पण चोर्ला घाट चढताना गाडी दम टाकते किंवा वेगात आचके देते, तर दाब कमी पडत असावा. रात्रभर उभी राहिल्यावरच सुरू होण्यास वेळ लागत असेल, तर किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पाहावी. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली, तर दाब धरून ठेवणारी झडप सैल झाल्याची शंका घ्यावी. मात्र लक्षण म्हणजे निदान नव्हे. तुंबलेला फिल्टर आणि अशक्त बॅटरी हीच लक्षणे दाखवितात. फिल्टर स्वच्छ आहे, पंपाला वीज पुरेशी मिळते, गळती कोठे नाही आणि तरीही दाबमापकावरील आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेखाली आहे, तेव्हा पंप बदलावा. केवळ किलोमीटर मोजून तो बदलणे म्हणजे तपासणीविना शस्त्रक्रिया होय.

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांतील रबरी पडदे व नळ्या त्यासाठी घडविलेल्या नव्हत्या. ज्यांनी अशी गाडी हौसेने जपली आहे, त्यांनी प्रत्येक सर्व्हिसिंगला हे भाग अवश्य पाहून घ्यावेत.

एका गोष्टीवर मात्र बालरोगतज्ज्ञाला गप्प बसता येत नाही. पंपाच्या कामासाठी टाकी रिकामी करताना तोंडाने नळी ओढण्याची आणि काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची रीत अद्याप गेलेली नाही. पेट्रोल अतिशय पातळ असल्याने गिळताना सहज श्वासनलिकेत उतरते व फुफ्फुसांना रासायनिक दाह होतो. त्यास एक घोटही पुरतो. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये, मिठाचे पाणी किंवा दूध पाजू नये. मूल खेळत असले तरी त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. खोकला व धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते.

म्हणून पंप बदलून झाल्यावर बिल पाहण्यापूर्वी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : काढलेले पेट्रोल कशात भरले आणि कोठे ठेवले?