एप्रिलच्या कप्प्यात राहिलेली बाळं

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीला एक कापडी पिशवी टांगलेली आहे. जानेवारी ते डिसेंबर असे तिला कप्पे आहेत. आम्ही तिला टिकलर बॅग म्हणतो. बाळाला लस टोचली की कार्ड आईकडे जातं आणि त्याची चिठ्ठी माझ्याकडे राहते. पुढची लस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या कप्प्यात ती चिठ्ठी टाकायची. महिना लागला की कप्पा उपसून यादी करायची आणि आशाताईला द्यायची. ठरलेल्या वारी ती घरोघर हाक मारून बाळांना अंगणवाडीत गोळा करते. चिठ्ठी पुढच्या कप्प्यांत सरकत राहिली म्हणजे बाळाचं वेळेवर चाललं आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि त्या वर्षी एप्रिलचा कप्पा रिकामा झालाच नाही.

मी नाशिक जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. त्या एप्रिल-मे महिन्यांत करोनामुळे मालेगावचं नाव रोज बातम्यांत होतं आणि सगळ्या जिल्ह्यावर त्याची धास्ती होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळांना बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, काविळीची लस हे सगळं मिळत होतं. ते थांबवायचं नाही असा आदेशच होता. थांबली ती गावोगावची लसीकरण सत्रं, आणि प्रतिबंधित क्षेत्रात तर पूर्णच. एसटी बंद होती. आशाताई आणि आम्ही ताप आणि ऑक्सिजन मोजत घरोघर सर्वेक्षण करत होतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं जिथल्या तिथे अडकली होती. त्यांच्या बाळाचं नाव गावच्या यादीत आणि बाळ कारखान्याच्या तळावर, त्यामुळे ते कुणाच्याच हाती लागत नव्हतं.

आया विचारायच्या, “सिस्टर, सुई टोचायला नेलं आणि तिथंच करोना लागला तर?” त्यांना दोष कसा देणार? टीव्हीपासून पोलीसदादापर्यंत सगळे एकच सांगत होते, घराबाहेर पडू नका. पण याच प्रश्नाचा हिशेब लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या संशोधकांनी २०२० मध्येच आफ्रिकेतल्या देशांसाठी मांडला होता. लसीसाठी दवाखान्यात गेल्यामुळे करोना होऊन एक मृत्यू ओढवला, तर त्या लसींमुळे सुमारे ८४ मुलांचे मृत्यू टळतील, असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज तेव्हा प्रत्येक गावच्या चावडीवर वाचून दाखवायला हवा होता असं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्या काळात दिलेले भारताचे आकडे सांगते. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचा (डीपीटी) पहिला डोसही न मिळालेली बाळं २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली. एका वर्षात दुप्पट. पहिलाच डोस न मिळालेलं बाळ म्हणजे ज्याच्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही असं बाळ.

पुढच्या वर्षी गाडी रुळावर येईल असं वाटत होतं. पण १६ जानेवारी २०२१ ला करोनाची लस सुरू झाली. ती टोचणाऱ्या आम्हीच, आणि ती ठेवायचे शीतपेटीचे फ्रिजही तेच, कारण तिलाही २ ते ८ अंशच लागत. १७ जानेवारीला ठरलेला पल्स पोलिओ ३१ तारखेला ढकलावा लागला. मोठ्यांच्या रांगा आवरताना बाळांच्या सत्राचा दिवस कित्येकदा हातातून निसटला. करोनाची लस हवीच होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एकाच माणसावर दोन्ही कामं टाकली की ज्या कामाचा आकडा रोज संध्याकाळी वर कळवायचा असतो, तेच आधी होतं.

लस चुकली म्हणून बाळ त्या दिवशी आजारी पडत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. मास्क आणि अंतर यांमुळे त्या काळात गोवरही दबून राहिला. इकडे लस न मिळालेली मुलं मात्र साठत होती. गोवराचं गणित बघा. वर्षाला १०० बाळं जन्मणारं गाव धरा. त्यांपैकी ८० जणांना नवव्या महिन्यातला डोस मिळाला. तो साधारण ८५ टक्के मुलांना लागू पडतो, म्हणजे ६८ सुरक्षित झाली आणि ३२ उघडी राहिली. दुसरा डोसही चुकला, तर साधारण तीन वर्षांत एका वर्षाच्या जन्मांइतकी मुलं उघडी राहतात. तेवढी साठली की साथ येते, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना लागण करू शकतो आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. म्हणून तर दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना हवेत. जरा दुर्लक्ष झालं की सगळ्यांत आधी गोवर डोकं वर काढतो.

तसंच झालं. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत बालमृत्यू झाले, आणि मग भिवंडी, मालेगाव अशी साथ पसरली. रांची, अहमदाबाद, मलप्पुरम इथेही केंद्राची पथकं पाठवावी लागली. उद्रेक झालेल्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं.

घरातल्या आज्या मला सांगतात, “गोवर सगळ्यांनाच येतो गं, अंगावर फुलला की उतरतो.” त्यांच्या डोळ्यांदेखत बरी झालेली मुलं आहेत, म्हणून त्या तसं म्हणतात. पण पुरळ उतरल्यावर न्यूमोनिया गाठतो, जुलाब लागतात, कुपोषित पोराच्या डोळ्यांत फूल पडतं. म्हणून तर गोवराच्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात. शिवाय आधीच्या रोगांशी लढून शरीरानं कमावलेली प्रतिकाराची आठवणही गोवर बरीचशी पुसून टाकतो, हे २०१९ च्या संशोधनात दिसलं आहे.

राहिलेली बाळं शोधण्यासाठी सरकारच्या ‘मिशन इंद्रधनुष्य’ या लसीकरण मोहिमेच्या फेऱ्या झाल्या. अशाच एका सत्रात दोन वर्षांची एक मुलगी आली होती. तिच्या कार्डावर साडेतीन महिन्यांपर्यंतच्या चौकटी भरलेल्या आणि खाली सगळं कोरं. सोबत वडील होते आणि ते दारातच थबकले होते, आता उशीर झाला म्हणून रागावतील या भीतीनं. मी एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीची, कुपी काढली. कोरडी पूड असते ती. सोबतचं द्रावण घालून हलवली आणि कुपीवर वेळ लिहिली, कारण फोडल्यावर चार तासांनी ती टाकून द्यावी लागते. मग मुलीच्या उजव्या दंडावर सुई दिली. बाकीचे डोस वाया जातील म्हणून एका बाळासाठी कुपी फोडायची नाही, असा समज काही ठिकाणी अजून आहे. तो चुकीचा आहे. नियम एका बाळासाठीही कुपी फोडायला सांगतो.

पुढच्या महामारीत आमच्यापैकी काही जणींना बाळांच्या लसीकरणावरच ठेवा, त्यांना दुसरीकडे वळवू नका. सत्र झाडाखाली भरवा, वेळ वाटून द्या, चार बाळं आली तरी चालेल. पण बंद करू नका. २०२२ पर्यंत भारतातली एकही डोस न मिळालेली बाळं ११ लाखांच्या आसपास उतरली, ती अशाच दारोदार शोधण्यामुळे.

आणि वाचकहो, घरातल्या मुलांची कार्डं आज काढून बघा. चौकट रिकामी दिसली तर लाजू नका, लपवू नका. सरकारी वेळापत्रकात एमआर आणि पोलिओचे डोस पाच वर्षांपर्यंत, तर डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. मधे खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिले तिथून पुढचे डोस द्यायचे. कार्ड हरवलं असेल तरी या, नवीन करून देऊ. लस फुकट आहे. तुमच्या शेतावर, वीटभट्टीवर, बांधकामावर बाहेरगावचं कुटुंब आलं असेल, तर त्यांच्या बाळाचं नावही आशाताईच्या कानावर घाला.